अस्मी : जुन्या काडतुसाचे नवे पिस्तूल

येरवड्याकडून होळकर पुलावरून मुळा ओलांडली की खडकी लागते. तिथला दारूगोळा कारखाना 1869 सालचा. त्यात बनलेल्या 9 मिलिमीटरच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’, म्हणजे किर्की (खडकी) फॅक्टरी, अशी रोमन अक्षरे ठोकलेली असतात. जानेवारी 2021 मध्ये जाहीर झालेल्या ‘अस्मी’ या मशिन पिस्तुलाचे कौतुक बहुधा कार्बन फायबर आणि थ्रीडी प्रिंटिंगसाठी होते. त्याचे खरे बळ मला या जुन्या काडतुसाच्या निवडीत दिसते.

पाषाणची शस्त्रास्त्र संशोधन संस्था एआरडीई आणि लष्कराचे महूचे इन्फन्ट्री स्कूल यांनी हे शस्त्र चार महिन्यांत उभे केले; लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा त्यात मोठा वाटा. वरचा सांगाडा विमानाच्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापाचे काही भाग धातूची भुकटी थरावर थर वितळवून छापलेले. एरवी असा भाग बदलायचा तर साचा किंवा यंत्रावरची सगळी मांडणी बदलावी लागते. इथे संगणकावरचे चित्र बदलले की नवा नमुना हातात. चार महिन्यांचे गणित जुळले ते यामुळेच. पण काडतूसही नवे हवे असते, तर हा वेग फुकट गेला असता. याच एआरडीईची जेव्हीपीसी कार्बाइन पाहा. तिच्यासाठी 5.56×30 मिलिमीटरचे खास काडतूस घडवले, तेही खडकीतच बनते. पण ज्या ठाण्यात ते पोहोचलेले नाही तिथे ती कार्बाइन निरुपयोगी. अस्मीला लागणारे 9 मिलिमीटर लष्कराकडे आणि पोलिसांकडे आधीपासून आहे.

यावर आक्षेप असा की ही जाडी, संथ गोळी चिलखती जाकिटापुढे लंगडी पडते. आक्षेप खरा आहे, आणि आठ इंची नळीने वेग थोडा वाढला तरी तो मिटत नाही. मात्र हे शस्त्र मुळात रणगाड्यातल्या, विमानातल्या माणसांसाठी, चालकांसाठी, रेडिओ सांभाळणाऱ्यांसाठी योजलेले आहे. त्यांना अडचणीच्या जागेत, हाताच्या अंतरावर स्वतःला वाचवायचे असते. तिथे लांब रायफल अडते आणि साधे पिस्तूल अपुरे पडते.

खरी काळजी वेगळी आहे. दोन किलोच्या आतले शस्त्र सलग झाडले की नळी वर उसळते. मिनिटाला 600 गोळ्यांचा सर्वसाधारण वेग धरला, तर 33 काडतुसांचे मॅगझिन सुमारे सव्वातीन सेकंदांत रिकामे होते. म्हणून त्याचा खरा उपयोग एकेक गोळी झाडण्यात, आणि त्यासाठी जवानाला सराव हवा. दुसरी काळजी छापलेल्या भागांची. चापाच्या आतली, घोडा अडवून धरणारी धार हजारो गोळ्यांनंतर झिजली, तर शस्त्र आपोआप सुटू शकते. नमुन्याला चालले ते हजारो नगांना चालेलच असे नाही. तिसरी काळजी किमतीची. पन्नास हजार रुपयांच्या आतला उत्पादनखर्च मोठ्या संख्येवरच साधतो, आणि 2024 मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडने घेतलेले नग होते 550. राज्यांच्या पोलीस दलांनी, महाराष्ट्रानेही, हे पिस्तूल कसून तपासावे. पसंत पडले तर मागणी एकत्र नोंदवावी.