कृष्णाकाठची वाई

महाबळेश्वराचा डोंगर उतरून कृष्णा सपाटीवर आली की काठी पहिले मोठे गाव लागते ते सातारा जिल्ह्यातील वाई. नगरपालिका असली तरी येथील लोकजीवनाचा खरा घटक आळी हाच होय, आणि बहुतेक आळ्यांना स्वतःचा घाट आहे. गणपती आळीच्या घाटावर गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत मत्स्याकार आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे, ही योजना.

माघापासून कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटाने पुढे सरकतो. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी (१६५९) बोललेल्या नवसातून तो सुरू झाला, असे परंपरा सांगते. दैवत एकच, तथापि मांडव आळीगणिक निराळा. कीर्तनाचा व प्रसादाचा भार त्या त्या आळीने उचलायचा. आळीच्या अभिमानाला याहून सुसह्य रूप क्वचितच लाभले असेल.

प्राज्ञपाठशाळेतील धर्मकोशाचे व पुढे मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावातून चालविले. वरच्या अंगाला धोम धरण झाल्यापासून मात्र उत्सवाच्या महिन्यांत घाटाशी पाणी किती असावे, हे ऋतूइतकेच धरणाच्या विसर्गावरही ठरते.