विश्लेषण : नोकरीची शाश्वती नाही, ऑफिसात राजकारण… राजीनामा द्यायचा की थांबायचे?

वाईहून सुरूर फाटा, तिथून खंबाटकीचा बोगदा आणि पुढे खंडाळा, शिरवळ. रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसून या वाटेने जाणारे अनेक जण आहेत. काही जण त्याहून पुढे पुण्यापर्यंत जातात. संध्याकाळी घाट चढून परतताना बसमध्ये तीच कुजबुज सुरू असते. कुणाचे कंत्राट या वेळी सहाच महिन्यांचे झाले. कुणाचा ओव्हरटाइम बंद झाला. नव्या साहेबाने आपली माणसे आणली आणि जुन्यांना कोपऱ्यात बसवले. मग कुणीतरी म्हणते, ‘सोडून द्यावे सगळे, गावात काहीतरी आपले सुरू करावे.’ हा विचार चुकीचा नाही. पण तो कोणत्या दिवशी आणि कोणत्या तयारीने अमलात आणायचा, यावर पुढची पाच-दहा वर्षे ठरतात.

प्रश्न एक की तीन?

‘नोकरीत राम राहिला नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, नोकरी जाईल याची भीती. दुसरी, ऑफिसातल्या वागणुकीचा राग. तिसरी, वेगळे काही करण्याची खरी इच्छा. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. भीतीवर उपाय पैशांची आणि कागदांची तयारी. रागावर उपाय नोंदी, तक्रार किंवा विभाग बदलणे. इच्छेवर उपाय ते काम प्रत्यक्ष करून पाहणे.

ओळखायचे कसे? स्वतःला दोन प्रश्न विचारा. उद्या त्या साहेबाची बदली झाली, तर मी इथेच आनंदाने राहीन का? उत्तर ‘हो’ असेल, तर तुम्हाला क्षेत्र नव्हे, माणूस बदलायचा आहे. दुसरा प्रश्न : उद्या नोकरी कायम झाली आणि पगारही थोडा वाढला, तरी मला दुसरेच काम करावेसे वाटेल का? इथे ‘हो’ आले, तर बदलाची इच्छा खरी आहे. रागाच्या भरात क्षेत्र बदलणारे अनेकदा नव्या जागी तोच राग पुन्हा अनुभवतात, कारण राजकारण प्रत्येक ठिकाणी असते. स्वतःच्या दुकानातही असते. तिथे फक्त साहेबाच्या जागी गिऱ्हाईक आणि उधारी येते.

धोका खरा की अफवा?

बसमधल्या चर्चेवर विसंबू नका. काही खुणा स्वतः तपासता येतात. पगार दर महिन्याला थोडा थोडा उशिरा होतो आहे का? सोडून गेलेल्यांच्या जागा भरल्या जात आहेत का? कंत्राटाची मुदत आखडती होत आहे का? सगळ्यात पक्की खूण भविष्य निर्वाह निधीची. मालकाने आधीच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. उमंग अॅपवर पासबुक उघडून मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी पाहा. पगारातून रक्कम कापली जाते, पण खात्यावर दिसत नाही, असे होत असेल तर ही अफवा नव्हे, इशारा आहे.

‘राजीनामा लिहून द्या’ म्हणाले तर?

सगळ्यात मोठे नुकसान इथे होते. काढून टाकणे आणि स्वतःहून सोडणे यात कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कपातीत काढायचे असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. तुम्हीच राजीनामा दिला, तर ही भरपाई मिळत नाही. म्हणून ‘तुमच्या रेकॉर्डला बरे राहील’ असे सांगून समोर कागद ठेवला गेला, तर त्याच क्षणी सही करू नका. ‘घरी विचारून उद्या सांगतो’ एवढे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मधल्या वेळेत कामगार संघटनेशी, वकिलाशी किंवा कामगार आयुक्त कार्यालयात बोला. मात्र व्यवस्थापक पदावरच्या आणि जास्त पगाराच्या पर्यवेक्षकांना हे संरक्षण मिळत नाही. त्यांनी नियुक्तिपत्रातल्या अटी नीट वाचाव्यात.

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगारालाही एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. नोकरी संपल्यावर, मग ती राजीनाम्याने संपलेली असो वा काढून टाकल्याने, दोन कामकाजी दिवसांत वेतनाचा हिशेब पूर्ण करायचा आहे. तुमच्याकडे आजही नियुक्तिपत्र नसेल, तर ते मागणे हे पहिले काम.

तारखेचा हिशेब का महत्त्वाचा?

कायम कामगाराला ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. हिशेब सोपा आहे : शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार १८,२०० रुपये आणि सेवा सात वर्षे असेल, तर ही रक्कम ७३,५०० रुपये होते. आता समजा, कुणाची सेवा साडेचार वर्षांची आहे आणि साहेबाशी भांडण झाले म्हणून त्याने त्याच दिवशी राजीनामा फेकला. एका दिवसाच्या रागाची किंमत किती पडते, ते या हिशेबात दिसते.

पीएफचेही तसेच. नोकरी सुटली की सगळी रक्कम काढून टाकण्याची घाई होते. पण पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा भरावी लागते. दुसरी नोकरी धरणार असाल, तर खाते बंद न करता त्याच यूएएनवर पुढे न्या.

ज्यांचा पगार २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ईएसआयची कपात होते, त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. किमान दोन वर्षे विमाधारक असलेल्याची नोकरी गेली, तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते. हा लाभ आयुष्यात एकदाच घेता येतो. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते, त्यामुळे अर्जापूर्वी ईएसआय कार्यालयात चौकशी करावी.

ऑफिसातल्या राजकारणात कसे टिकायचे?

तोंडी सांगितलेले काम लेखी करून घ्या. ‘सर, आज सांगितल्याप्रमाणे दुपारपर्यंत हे करतो’ एवढा साधा निरोप व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलवर टाकला, की पुढे ‘मी असे सांगितलेच नव्हते’ ही सोय उरत नाही. एक छोटी वही ठेवा : तारीख, काय घडले, कोण हजर होते. त्यात मते नकोत, फक्त घटना. चहाच्या टपरीवर साहेबाविषयी बोललेले वाक्य दोन दिवसांत साहेबापर्यंत जाते, हे गृहीत धरा. वाईसारख्या गावात तर बाजारात भेटणारा माणूस तुमच्या मॅनेजरचा पाहुणा निघतो. म्हणून बदलाचा बेत ठरेपर्यंत तो घरापुरताच ठेवा.

मात्र सगळेच ‘राजकारण’ म्हणून सोसायचे नसते. लैंगिक छळ हे राजकारण नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. कर्मचारी त्याहून कमी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

डावलले गेल्यावर किर्लोस्करांनी काय केले?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नसल्याने ती वाट सुटली. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. तिथे बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी नोकरी सोडली.

गोष्ट इथपर्यंतच सांगितली, तर ती ‘राजीनामा दिला आणि मोठे झाले’ अशी वाटते. पण त्याआधीचा भाग महत्त्वाचा आहे. नोकरीत असतानाच भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचा धंदा सुरू झाला होता. म्हणजे राजीनाम्याच्या दिवशी उभे राहायला जागा तयार होती. पुढचाही रस्ता सरळ नव्हता. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षे लागली. बेळगावातली जागाही सोडावी लागली. मग औंध संस्थानाच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. अपमान हे निमित्त झाले, पण आधार झाला तो नोकरीत असताना उभा केलेला धंदा आणि पहिली दोन वर्षे तग धरण्याची तयारी.

तयारी कुठून सुरू करायची?

पहिले, घरखर्चाचा आकडा. हप्ते, शाळेची फी, आई-वडिलांची औषधे धरून महिन्याला २२,००० रुपये लागत असतील, तर सहा महिन्यांचे १,३२,००० रुपये वेगळ्या खात्यात जमेपर्यंत राजीनाम्याची तारीख ठरवू नका.

दुसरे, आरोग्य विमा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःचा विमा नोकरीत असतानाच घ्या, कारण जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ तेव्हापासून मोजला जातो.

तिसरे, चाचणी. होमस्टे असो, मसाल्यांचा धंदा असो, इलेक्ट्रिकची कामे असोत की अकाउंटिंग, सुट्टीच्या दिवशी तीन महिने ते काम करून पाहा. ओळखीबाहेरचे पहिले गिऱ्हाईक पैसे देऊन परत आले, तर ती खरी पावती. त्याआधी नियुक्तिपत्रात दुसऱ्या कामावर बंदी आहे का, नोटीस किती दिवसांची आहे आणि बाँड आहे का, ते पाहा.

चौथे, सरकारी योजना. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करता येते. अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. पण हे अनुदान हातात मिळत नाही. ते कर्जाला जोडलेले असते आणि तीन वर्षांनी कर्जात वळते होते. तोवर हप्ते तुमचेच. अनुदान मिळते म्हणून धंदा निवडू नका, धंदा जमतो म्हणून अनुदान घ्या.

घरी कधी सांगायचे?

राजीनामा दिल्यावर नव्हे, आकडे मांडताना. मुलगा पुण्यातली नोकरी सोडतो म्हटल्यावर घरच्यांना वाटणारी भीती अडाणी नसते. त्यांनी दर महिन्याच्या पगाराची किंमत पाहिलेली असते. कागदावर खर्च, बचत आणि ‘अमुक महिन्यापर्यंत जमले नाही तर पुन्हा नोकरी शोधीन’ अशी तारीख लिहून दाखवली, की वाद कमी होतो आणि मदत वाढते.

थांबू नये, असे कधी?

पगार महिनोन्महिने थकला असेल, खोट्या कागदांवर सह्या मागितल्या जात असतील, सुरक्षेची साधने न देता मशीनवर उभे केले जात असेल किंवा झोप आणि भूक उडून तब्येत ढासळत असेल, तर सहा महिन्यांची बचत पूर्ण होण्याची वाट पाहू नका. मन खचले असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते.

बाकी सर्वांसाठी आजचे काम छोटे आहे. संध्याकाळी घरी गेल्यावर नियुक्तिपत्र शोधा, पीएफचे पासबुक उघडा आणि घरखर्चाचा आकडा लिहून काढा. राजीनाम्याची तारीख साहेबाच्या वागण्यावरून ठरवू नका, या तीन कागदांवरून ठरवा.