धाकट्या बाळाने निजावे कोठे?

दुसरे बाळ घरी येते तेव्हा आईच्या कुशीतली जागा थोरल्याने धरलेली असते. मग तान्ह्याला दोघांच्या मध्ये निजवले जाते. हे धोक्याचे आहे. झोपेत थोरल्याचा हात किंवा पांघरूण बाळाच्या नाकातोंडावर आल्यास ते दूर सारण्याची ताकद बाळात नसते.

निदान पहिले सहा महिने बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर असावे. आईच्या दुसऱ्या बाजूला थोरल्याला घ्यावे. म्हणजे तेही रुसत नाही.

माळ्यावरचा जुना पाळणा काढताना सांधे, खिळे व दोर तपासावेत. तळ सपाट हवा, गादी घट्ट व कडेपर्यंत बसणारी हवी. कठड्याच्या पट्ट्यांतील फट ६ सेंटिमीटरहून जास्त नसावी. आत उशी, लोड, जाड गोधडी ठेवू नये; डोक्याखालची मोहरीची उशीही नको. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून रात्री झोळी टाळावी. पाळणा नसल्यास आईशेजारी जमिनीवर घट्ट, पातळ गादी पुरते.

बाळाला प्रत्येक वेळी उताणेच निजवावे. अमेरिकेत १९९४ पासून या सल्ल्याचा प्रचार झाला; त्यानंतरच्या दहा वर्षांत तेथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. बाळ दिवस पुरे होण्याआधी जन्मलेले किंवा कमी वजनाचे असल्यास डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.