पडल्यानंतरची पाच मिनिटं

मुंब्र्याच्या वळणावर 9 जून 2025 ला सकाळी काय घडलं, ते पुन्हा सांगत नाही. 13 जण लोकलमधून रुळांवर पडले, चौघे त्याच दिवशी गेले. संध्याकाळ व्हायच्या आत रेल्वेने जाहीर केलं की साध्या लोकललाही आता आपोआप बंद होणारी दारं बसतील. दारांना झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रं आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट असेल. पहिली गाडी नोव्हेंबर 2025 पर्यंत तयार होईल आणि जानेवारी 2026 मध्ये धावू लागेल, असं तेव्हा सांगितलं होतं. आराखडा चांगला आहे. बंद दाराआड गर्दीचा जीव घुसमटेल, ही जुनी अडचण त्यात निदान ध्यानात घेतली आहे.

पण मुंबईत रोज तीन हजारांवर लोकलफेऱ्या होतात. त्या करणाऱ्या सगळ्या गाड्यांना दारं बसेपर्यंत काही वर्षं जातील आणि त्या काळात माणसं पडत राहतील. शिवाय उपनगरी मार्गांवर सर्वाधिक मृत्यू रूळ ओलांडताना होतात, तिथे दाराचा काही उपयोग नाही. 2023 मध्ये या मार्गांवर 2,590 जीव गेले, 2024 मध्ये 2,468. दिवसाला सात माणसं. म्हणून दारांच्या चर्चेत मला एक प्रश्न सतत टोचतो आहे: माणूस पडल्यानंतर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याजवळ कोण पोचतं, आणि त्या कोणाच्या हातात काय असतं?

सध्याची रीत अशी. मोटरमन किंवा गार्ड पुढच्या स्थानकाला कळवतो. स्टेशन मास्तर मेमो काढतो. लोहमार्ग पोलीस येतो, स्ट्रेचर निघतं, हमालांना हाक जाते. छोट्या स्थानकावर गर्दीच्या वेळी हमाल शोधावा लागतो. स्ट्रेचर घेऊन खडीतून चालत जायचं आणि चालत यायचं. दोन स्थानकांच्या मधे अपघात झाला असेल, तर रुग्णवाहिका तिथवर पोचतच नाही. मुंब्र्याला एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. अशा ठिकाणी जखमीला मागून आलेल्या लोकलमध्ये चढवून पुढच्या फलाटावर उतरवतात. मग जिने आणि पूल पार करून बाहेर, आणि बाहेर ठाण्याची वाहतूक. या साखळीतला प्रत्येक माणूस आपलं काम करत असतो, वेळ मात्र जखमीचा जातो.

या साखळीतल्या काही कड्या तरी घट्ट झाल्या, त्याचं मोठं श्रेय समीर झवेरी यांना द्यायला हवं. 1989 मध्ये रूळ ओलांडताना त्यांचे दोन्ही पाय गेले. त्यानंतर हा माणूस माहितीच्या अधिकाराखाली वर्षानुवर्षं एकच हिशेब मागत राहिला: किती पडले, किती मेले, कोणत्या स्थानकावर, मदत किती वेळाने. आपल्याकडे रेल्वेमृत्यूंचे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रात येतात, त्यातले कितीतरी त्यांच्या अर्जांतून बाहेर पडलेले आहेत. आकडे हाती आले तसे ते उच्च न्यायालयात गेले. स्थानकांबाहेर रुग्णवाहिका आणि फलाटालगत आपत्कालीन वैद्यकीय कक्ष आले ते न्यायालयाच्या रेट्यामुळे. जे काम प्रशासनाने आपणहून करायचं, ते पाय गमावलेल्या एका नागरिकाने कोर्टाच्या पायऱ्या चढून करून घेतलं, याचा मला संतापही येतो आणि त्या माणसाबद्दल अपार आदरही वाटतो.

आता पुढची पायरी हवी. ‘सुवर्णतास’ हा शब्द आपण सगळे वापरतो. अपघातानंतर तासाभरात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता वाढते, एवढा त्याचा अर्थ. रेल्वेखाली हात किंवा पाय तुटलेल्या माणसाला मात्र तासाची सवड नसते. मांडीची मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत माणूस रक्तस्रावाने जाऊ शकतो. त्याला डॉक्टरच्या आधी जखमेच्या वर घट्ट आवळलेला रुंद पट्टा हवा असतो. असा पट्टा आवळायला आणि तो कधी आवळला ती वेळ लिहून ठेवायला शिकवणं हे एका दुपारचं काम आहे. ते शिकवायचं कोणाला, याचंही उत्तर समोर आहे. पहिल्या पाच मिनिटांत डॉक्टर नसतो; ट्रॅकवरचे गँगमन, सफाई कामगार, होमगार्ड, फलाटावरचा स्टॉलवाला, बूटपॉलिशवाला आणि सहप्रवासी असतात.

11 जुलै 2006 आठवून पाहा. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. यंत्रणा पोचण्याआधी रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं धावली. घरातल्या चादरींची झोळी करून त्यांनी जखमींना उचललं, रिक्षा, टेम्पो जे दिसेल त्यात घालून रुग्णालयात नेलं. ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणून आपण त्याचं कौतुक केलं आणि थांबलो. त्या माणसांना कोणी प्रशिक्षण दिलं असतं, वस्तीतल्या मंडळाच्या कपाटात चार पट्टे आणि एक घडीचं स्ट्रेचर ठेवलं असतं, तर ते स्पिरिट आज एक यंत्रणा असतं.

लांब पल्ल्याच्या गाड्यांतही हीच पहिली मिनिटं घातक ठरतात. 22 जानेवारी 2025 ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक बाजूच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 जणांचा जीव गेला. आग लागलीच नव्हती. ‘आग नाही, खाली उतरू नका, शेजारच्या रुळावरून गाडी येते आहे’ एवढी वाक्यं त्या डब्यात वेळेत ऐकू गेली असती तर? प्रत्येक डब्यात, सर्वसाधारण डब्यात आधी, गार्डचा आवाज पोचेल अशी सोय हवी. त्यासाठी नव्या शोधाची गरज नाही.

पुढची मागणी वेळेच्या नोंदीची. मेमो किती वाजता निघाला, स्ट्रेचर किती वाजता पोचलं, जखमी रुग्णालयाच्या दारात किती वाजता दाखल झाला: या तीन वेळा स्थानकनिहाय दर महिन्याला जाहीर करा. गाडी चार मिनिटं उशिरा आली तर रेल्वे त्याची नोंद ठेवते. जखमीच्या वीस मिनिटांचीही तशीच नोंद ठेवा आणि ती लोकांना दाखवा. कोणत्या स्थानकाला हमाल कमी पडतात, कुठे रुग्णवाहिका उभी राहायला जागा नाही, ते कागदावर आपोआप दिसेल.

आणि एक त्रुटी कायद्यातली. रस्त्यावरच्या जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांचा जाच होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये बजावलं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम घालून त्या मदतगाराला संरक्षण मिळालं. पण ते मोटार वाहनाच्या अपघातापुरतं. फलाटावरून रुळावर उडी टाकून कोणी जखमीला उचललं, तर त्या कलमाची ढाल त्याला नाही. उलट रेल्वे कायद्याच्या 147व्या कलमाखाली विनापरवाना रुळावर जाणं हा गुन्हा आहे, आणि जीव वाचवायला उतरलेल्याचा तिथे वेगळा उल्लेख नाही. मदत करणाऱ्यावर कोणी खटला भरेल असं मी म्हणत नाही. पण ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणून मागे सरणारा माणूस आपल्या गर्दीत खूप आहे, आणि त्याला कायद्याने नि:शंक करायला हवं.  मुंबई, ठाणे, पालघर, रायगडच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून रेल्वे कायद्यात असं एक कलम मागावं, आणि तोवर रेल्वेने निदान प्रत्येक फलाटावर तसा फलक लावावा.