गालावरचं बीट, डबीतलं मेण

घरच्या घरी क्रीम ब्लश बनवणारा एक जुना कारागीर दर हिवाळ्यात इंदापूर तालुक्यात येतो. भिगवण-कुंभारगावच्या बाजूला उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरणारा रोहित पक्षी. त्याचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव यांच्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं त्याच्या पिसांत उतरतात. पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या तेलातही हीच द्रव्यं असतात. रोहित त्या ग्रंथीवर गाल घासतो आणि ते तेल मानेला, छातीला, पाठीला फासतो. स्पेनमधल्या अभ्यासकांनी २०१० च्या सुमारास हे दाखवून दिलं. जोडीदार शोधण्याच्या दिवसांत हे फासणं वाढतं आणि थांबलं की रंग फिका पडतो.

त्याला हे जमतं, कारण कॅरोटिनॉइड तेलात विरघळतात. बीटचा रंग विरघळत नाही. घरगुती ब्लशबद्दलचे निम्मे गैरसमज या एका फरकापाशी सुटतात.

‘बीट किसा, खोबरेल तेलात घाला, झाला ब्लश’

बीटचा लाल रंग म्हणजे बीटानिन, आणि ते पाण्यात विरघळतं. तेल-मेणाच्या मिश्रणात बीटची पूड घातली तर ती नुसती तरंगत राहते आणि पुढे तळाशी बसते. बोटाला कण लागतात, गालावर आधी काहीच दिसत नाही. मग घाम येतो, कण ओले होतात आणि जिथे ओले होतात तिथेच लाल ठिपके उमटतात. एप्रिलात बारामतीच्या एसटी स्टँडवर अर्धा तास उभं राहून बघा. शिवाय बीटानिन उष्णता आणि उजेड सोसत नाही, त्यामुळे गॅसवर रस आटवताना तो तपकिरीकडे झुकतो.

डाळिंबाचंही तेच. इंदापूरकडच्या बागांतलं भगवा जातीचं डाळिंब फोडलं की हात रंगतात, म्हणून त्याचा ब्लश सोपा वाटतो. दाण्यांतला रंग अँथोसायनिनचा, तोही पाण्यातला, आणि आम्लता बदलली की बदलणारा. जास्वंदीच्या पाकळ्यांवर लिंबू पिळून आणि दुसऱ्या वाटीत सोडा घालून हा खेळ कुणीही पाहू शकेल. डाळिंबाच्या बियांचं तेल बाजारात मिळतं, त्यात लाली शोधू नये, ते फिकट पिवळं असतं.

तेलात खरोखर उतरणारे वनस्पतींचे रंग थोडे आहेत. रतनजोतीचं मूळ कोमट तेलात ठेवलं की तेल गडद लाल होतं. रोगन जोशला पुष्कळदा याच मुळाने रंग देतात. शेंदरीच्या बियांचा नारिंगी रंगही तेलात येतो. इथे एक सावधगिरी हवीच. आपल्याकडे बांधावर लावलेल्या जट्रोफालाही रतनज्योत म्हणतात आणि त्याच्या बिया विषारी असतात. मसाल्याच्या दुकानातून मूळच मागा. तिखटाचा रंगही तेलात उतरतो, हे मिसळीची तर्री पाहणाऱ्याला सांगायला नको, पण त्याबरोबर जे उतरतं ते गालाला परवडणारं नाही.

‘क्रीम ब्लश हा बाहेरून आलेला प्रकार’

आजीच्या पिढीच्या फणेरपेटीत मेणाची डबी असायची. कपाळावर आधी मेणाचा गोल ठिपका, त्यावर कोरडं कुंकू दाबून बसवायचं. मेण धरून ठेवतं, पूड रंग देते. दुकानातल्या क्रीम ब्लशची रचना याहून फार वेगळी नाही. न विरघळणारी अतिबारीक रंगीत पूड तेल-मेणात समान पसरवलेली असते, इतकंच. आपल्या आज्या पूड वरून लावत, कंपन्या आधीच घोटून देतात.

म्हणून कुंकूच मेणात घोटावं का? तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरपूरला पोचते आणि परतीच्या पिशवीत कुंकवाची पुडी असतेच. ती कपाळावरच राहू द्यावी. हळदीला चुन्यासारख्या क्षाराने आलेली लाली त्वचेवर टिकत नाही, कारण त्वचा किंचित आम्लधर्मी असते. रंग पिवळ्याकडे परततो. आणि स्वस्त कुंकवात हळदीऐवजी कोणता रंग आहे, हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

‘जुनं ते निर्धोक, मातीतलं ते शुद्ध’

हा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. दोन्ही निसर्गातही सापडतात, दोन्ही शतकानुशतकं वापरात आहेत आणि दोन्ही विषारी आहेत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिका आणि भारतातून घेतलेले सिंदुराचे ११८ नमुने तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसं सापडलं आणि साधारण एक तृतीयांश नमुने एका ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडणारे होते. भारतातही सौंदर्यप्रसाधनांच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा दहा लाख भागांत २० भाग अशीच आहे.

गेरूबद्दल लोक विचारतात. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड असलेली माती. लिपस्टिकपासून फाउंडेशनपर्यंत जे आयर्न ऑक्साइड असतं, ते रासायनिकदृष्ट्या त्याचंच भावंड. फरक इतकाच की प्रसाधनातलं ऑक्साइड कारखान्यात तयार केलेलं असतं. खाणीतल्या मातीत लोहाबरोबर शिसं, आर्सेनिक येऊ शकतं, म्हणूनच. इथे ‘कृत्रिम’ अधिक स्वच्छ आहे, हे ‘नॅचरल’च्या भक्तांना कडू वाटेल. माझं मत विचाराल तर घरी ब्लश करायचा आणि तो गालावर दिसायलाही हवा असेल, तर रंगासाठी सौंदर्यप्रसाधनाच्या दर्जाचं लाल आयर्न ऑक्साइड घ्यावं, बाकी सगळं घरचं ठेवावं. कोणते रंग चालतात याची यादी भारतीय मानक आयएस ४७०७ च्या पहिल्या भागात आहे. होळीचा रंग, रांगोळी, गुलाल यांचा तर विचारही नको.

‘ब्रॉन्झर म्हणजे कोको आणि दालचिनी’

कोको ठीक आहे. कण जाडसर राहतात, वास गोड येतो, नुकसान सहसा नाही. दालचिनी मात्र स्वयंपाकघरात राहू द्या. तिच्यातलं सिनामाल्डिहाइड हे त्वचेची अ‍ॅलर्जी उठवणारं ओळखीचं द्रव्य आहे, युरोपात तर प्रसाधनात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर नाव लिहावंच लागतं. पोटाला चालतं ते गालाला चालतंच असं नाही. लिंबाचा रसही तसाच. तो लावून उन्हात गेलं तर त्यातल्या द्रव्यांमुळे त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात.

ब्रॉन्झर मुळात गोऱ्या कातडीला ऊन लागल्यासारखं दाखवण्यासाठी निघाला. उसाच्या फडात तोंडाला स्कार्फ गुंडाळणाऱ्या बाईला ही हौस गमतीची वाटेल. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर तो गालाखाली, जबड्याच्या कडेला सावली देण्यापुरता शोभतो. लाल ऑक्साइडमध्ये पिवळं जास्त आणि काळं चिमूटभर मिसळून आपल्या त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद रंग साधावा. त्याने उन्हापासून मात्र संरक्षण मिळत नाही.

‘थोडं गुलाबपाणी, थोडी कोरफड, म्हणजे थंडावा’

थंडावा नाही, बुरशी. निव्वळ तेल-मेणात जंतू सहसा वाढत नाहीत, कारण त्यांना पाणी लागतं. गुलाबपाणी, कोरफडीचा गर, बीटचा रस यातलं काहीही घातलं की ते पाणी मिळालं. व्हिटॅमिन ई घातल्याने हे टळत नाही. ते तेल खवट होणं लांबवतं, जंतूंवर त्याचा इलाज नाही. फ्रिजमुळेही फक्त उशीर होतो. आणि मेण एकटं पाणी-तेल एकजीव करत नाही, म्हणून असं मिश्रण दुसऱ्या दिवशी फुटलेलं दिसतं.

आता प्रमाण. खोबरेल तेल साधारण २५ अंशांना पातळ होतं, कोको बटर ३४ च्या आसपास. बारामतीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा इंटरनेटवरच्या थंड देशांतल्या कृती इथे पर्समध्ये वाहतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्याचाच आधार घ्यावा. कोकणातलं कोकम तेल, म्हणजे टाचांना लावतात ते मुठेल, कोको बटरपेक्षा उशिरा वितळतं. वीस ग्रॅमसाठी मेण ४ ग्रॅम, कोकम तेल ३, तिळाचं किंवा बदामाचं तेल ९, रंग ३ आणि कॉर्नफ्लोअर (मक्याचा स्टार्च) १ ग्रॅम असं प्रमाण उन्हाळ्यात टिकेल. रंग आणि कॉर्नफ्लोअर आधी थोड्या तेलात खलून घ्यायचं, कारण घोटण्यातच सगळी सफाई आहे. पूड उडते, तोंडाला रुमाल बांधा. मेण आणि कोकम तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून त्यात ते खललेलं आणि उरलेलं तेल घाला, कोरड्या डबीत ओता. शाकाहाराबद्दल काटेकोर घरांनी मेण मधमाशीचं आहे आणि ‘कार्माइन’ नावाचा नैसर्गिक लाल रंग किड्यांपासून काढतात, हे लक्षात ठेवावं.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहा. अ‍ॅलर्जी पहिल्या तासात दिसतेच असं नाही, दोन-तीन दिवसांनीही उठते.

‘घरचंच आहे, विकायला परवाना कशाला?’

बचत गटांच्या स्टॉलवर हा प्रश्न हमखास येतो. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची भीमथडी जत्रा पुण्यात भरते, तिथली लोणची-पापड बघून कुणालाही वाटेल की शेजारी ब्लशच्या डब्याही मांडाव्यात. अन्नाचे नियम वेगळे, याचे वेगळे. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, मग वस्तू आयुर्वेदिक वाटो की नैसर्गिक. परवाना जागेवरही अवलंबून असतो, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो मिळत नाही. स्वतःचा कारखाना नसेल तर दुसऱ्या परवानाधारकाच्या जागेत बनवून घेण्यासाठी ‘लोन लायसन्स’ची सोय आहे. डबीवर बॅच क्रमांक आणि मुदत छापावी लागते. मैत्रिणीला वाढदिवसाला एक डबी द्यायला यातलं काही लागत नाही.