नवा भाग बसवला, तरी इंजिन गरमच!

उन्हाळ्यात घाट चढताना एखादी जुनी मोटार रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली आपण नेहमी पाहतो. रेडिएटरमधून वाफ येत असते आणि चालक पाण्याची बाटली हातात घेऊन ते थंड होण्याची वाट पाहत असतो. अशी गाडी गॅरेजमध्ये गेली, की मिस्त्री एखादा भाग बदलतो. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. कधी कधी मात्र नवा भाग बसवूनही इंजिन पूर्वीसारखेच तापते. मग दुसरा भाग बदलला जातो, मग तिसरा. या साखळीत एक शंका बहुधा कोणालाच येत नाही, ती म्हणजे नवा भागच सदोष असण्याची.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही शक्यता दुर्लक्ष करण्याजोगी नाही. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. अँबॅसडर आणि मारुती ८०० यांचे २०१४ मध्ये. गाडी बनणे थांबले, की तिचे मूळ सुटे भाग हळूहळू मिळेनासे होतात. त्यांची जागा निरनिराळ्या लहान-मोठ्या कारखान्यांचे भाग घेतात. त्यांतले कित्येक उत्तम असतात, काही नसतात. काही भाग दुकानाच्या फळीवर वर्षानुवर्षे पडून असतात आणि त्यांचे रबर तेथेच कडक होते. खोक्यावरून यातले काहीच कळत नाही. कळते ते तपासणीतून, आणि ही तपासणी शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येते.

उष्णतेचा हिशेब

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ऊर्जेचेच काम होते. बाकीची उष्णता होते. तिचा मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. लहान मोटार घाट चढताना २० किलोवॅट काम करत असेल, तर ढोबळमानाने तितकीच उष्णता, म्हणजे दर सेकंदाला २० किलोज्यूल, पाण्यात येते असे धरू.

आता समजा, पाण्याचे अभिसरण थांबले. गाडीत ४ लिटर पाणी आहे आणि त्याचे तापमान ८५ अंश सेल्सिअस आहे. ते ११८ अंशांपर्यंत तापवायला लागणारी उष्णता ४ × ४.२ × ३३, म्हणजे सुमारे ५५० किलोज्यूल. दर सेकंदाला २० किलोज्यूल या वेगाने ती अर्ध्या मिनिटात मिळते! इंजिनाचा धातूही उष्णता शोषतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो. पण उलट बाजूही आहे. अभिसरण थांबल्यावर रेडिएटरमधले पाणी उपयोगी पडत नाही, फक्त इंजिनातलेच तापते. थोडक्यात, हिशेब मिनिटांचा आहे, तासांचा नव्हे.

पुढे काय होते? पुष्कळ जुन्या इंजिनांत खालचा ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. अ‍ॅल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या सुमारे दुप्पट. ४० सेंटिमीटर लांबीचे हेड नेहमीपेक्षा ६० अंशांनी जास्त तापले, तर ते सुमारे ०.५५ मिलिमीटर वाढू पाहते आणि खालचे बीड सुमारे ०.२६ मिलिमीटर. दोन्ही बोल्टांनी घट्ट आवळलेली असल्यामुळे पाव मिलिमीटरहून अधिक असलेला हा फरक हेडला वाकवतो. मधले गॅसकेट उडते, पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात शिरते. थोड्या किमतीच्या एका भागापायी इंजिन खोलण्याची पाळी येते. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे, त्याची कमाईही तितके दिवस बुडते.

थर्मोस्टॅट : मेणावर चालणारी झडप

या व्यवस्थेतला सर्वांत मनोरंजक भाग म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. पाणी पुरेसे तापले, की तो वाट उघडतो. यासाठी त्याला वीज लागत नाही. त्याच्या पोटात पितळेची एक लहान डबी असते आणि तिच्यात विशिष्ट तापमानाला वितळणारे मेण भरलेले असते. वितळताना मेणाचे आकारमान दहा-पंधरा टक्क्यांनी वाढते. त्या रेट्याने एक दांडा पुढे सरकतो आणि झडप उघडते. मेण गोठले, की स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत ही युक्ती प्रत्यक्षात आणली आणि आजही ती जगभर वापरात आहे.

थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. झडप ज्या तापमानाला उघडू लागते, ते हे तापमान. पूर्ण उघडायला साधारण आणखी १० ते १५ अंश लागतात.

नव्या थर्मोस्टॅटमध्ये दोष कोणकोणते असू शकतात? मेणाचे मिश्रण चुकले, तर झडप उशिरा उघडते. डबीतून मेण गळाले, तर ती उघडतच नाही. झडप नीट बसत नसेल, तर पाणी सतत रेडिएटरकडे झिरपते. इंजिन थंडच राहते आणि इंधन जास्त जळते. सर्वांत फसवा दोष मात्र निराळाच. झडप योग्य तापमानाला उघडते, पण पुरेशी उघडत नाही. अशी गाडी गावात नीट चालते आणि घाटात तापते.

चला, तपासून पाहू

साहित्य : नवा थर्मोस्टॅट, शक्य असल्यास जुनाही, खोलगट भांडे, ११० अंशांपर्यंतचा तापमापक, दोरा, ढवळायला काडी, पट्टी, शेगडी.

आधी तापमापकाची परीक्षा घ्या. तो उकळत्या पाण्यात धरा. समुद्रकिनारी पाणी १०० अंशांना उकळते, पुण्यात सुमारे ९८ अंशांना, तर महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. आपल्या गावच्या उंचीप्रमाणे तापमापक किती चुकतो, ते लिहून ठेवा. ज्या मोजमापाच्या साधनाची खात्री नाही, त्याने दुसऱ्याची परीक्षा घेता येत नाही.

आता थर्मोस्टॅटची झडप बोटाने किंचित उघडून फटीत दोरा ठेवा आणि झडप मिटू द्या. दोरा घट्ट अडकेल. त्या दोऱ्याने थर्मोस्टॅट पाण्यात असा टांगा, की तो भांड्याच्या तळाला किंवा बाजूला टेकणार नाही. शेजारी तापमापक धरा. पाणी मंद आचेवर तापवा आणि ढवळत राहा. आच मोठी असेल, तर पाणी पुढे जाते आणि मेण मागे राहते. झडप उघडू लागली, की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो. ते तापमान टिपा. कोरलेल्या आकड्यापासून दोन-तीन अंशांचा फरक समजण्यासारखा आहे, दहा अंशांचा नाही.

मग पाणी आणखी तापवा. थर्मोस्टॅट चिमट्याने बाहेर काढून झडप किती उचलली गेली, ते पट्टीने ताबडतोब मोजा. साधारणपणे ७-८ मिलिमीटर उघडझाप अपेक्षित असते. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत मिळतो. शेवटी पाणी निवू द्या आणि झडप पूर्ण मिटते ना, ते पाहा. उंचावरच्या गावात उघड्या भांड्यातले पाणी पूर्ण उघडण्याच्या तापमानापर्यंत पोचणारच नाही, हेही ध्यानात ठेवावे. उकळत्या पाण्याशी काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे. जुन्या भागांना चिकटलेले कूलंट विषारी असते, म्हणून या प्रयोगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

झाकण, पंप आणि संवेदक

रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नव्हे. घरच्या प्रेशर कुकरच्या शिट्टीचे काम ते करते. त्यातली स्प्रिंग ठरावीक दाबापर्यंत वाफ कोंडून धरते, त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. वातावरणापेक्षा ०.५ किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी. जास्त दाब असेल, तर पाणी सुमारे १११ अंशांना उकळते, ०.९ असेल, तर सुमारे ११८ अंशांना. याचा अर्थ, स्प्रिंग कमजोर असलेले नवे झाकण लावले, तर बाकी सर्व भाग चांगले असूनही गाडीतले पाणी लवकर उकळते. झाकणावरचा आकडा, रबराचा मऊपणा आणि जुन्या-नव्या झाकणांची खोली पडताळून पाहावी. खोली कमी असेल, तर स्प्रिंग रेडिएटरच्या तोंडाशी नीट दाबलीच जात नाही. नेमका दाब मोजायचा हातपंप चांगल्या गॅरेजमध्ये असतो.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. ११८ अंशांचे ४ लिटर पाणी एकदम मोकळे झाले, तर त्यातले सुमारे १३५ ग्रॅम पाणी तत्क्षणी वाफ होते. या वाफेचे आकारमान सव्वादोनशे लिटरच्या घरात जाते. ती वाफ उकळते पाणी घेऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर आणि हातांवर येते. कुकरची वाफ जिरण्याआधी आपण झाकण काढत नाही. तोच नियम येथेही पाळायचा.

वॉटर पंप नवा असेल, तर तो जुन्याशेजारी ठेवून पाहावा. पात्यांची संख्या, त्यांचा कल आणि चाकाची उंची जुळते का? पाती कवचापासून जास्त दूर असतील, तर पाणी कमी ढकलले जाते. पुली एका हाताने धरून आतले चाक दुसऱ्या हाताने फिरवून पाहावे. चाक दांड्यावर घसरत असेल, तर पंप बाहेरून फिरताना दिसेल, पण पाणी हलणार नाही.

तापमान सांगणारा संवेदक म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर. त्याचा रोध मल्टिमीटरने कोमट आणि गरम पाण्यात मोजून पुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडता येतो. संवेदक चुकीचा असेल, तर इंजिन ठीक असताना काटा तांबड्यात जातो, किंवा इंजिन तापलेले असताना काटा खालीच राहतो. दुसरी चूक अधिक घातक. शिवाय पाणीच संपले, तर संवेदक कोरडा पडतो आणि काटा अचानक खाली येतो. तो दिलासा नव्हे, तर धोक्याची खूण आहे.

चूक कोठे होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मिस्त्री म्हणतो, “थर्मोस्टॅट बदलला, तरी गाडी तापते. म्हणजे दोष थर्मोस्टॅटमध्ये नव्हता.” हा तर्क वरवर बिनचूक वाटतो. पण त्यात न बोललेले एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे नवा थर्मोस्टॅट चांगला आहे. रोग्याला औषध दिले आणि गुण आला नाही, तर निदान चुकले असेल, किंवा औषधच बनावट असेल. औषध तपासल्याशिवाय यांतले कोणते खरे, ते सांगता येत नाही. भाग बदलणे हाही एक प्रयोगच आहे. प्रयोगातले साहित्य तपासलेले नसेल, तर निष्कर्षाला आधार उरत नाही. येथून पुढे रेडिएटर साफ केला जातो, पंप बदलला जातो, आणि खरा दोषी मात्र जागच्या जागी राहतो.

उलट बाजूने अन्यायही होऊ नये. नवा भाग चांगला असून बसवण्यात चूक झालेली असू शकते. थर्मोस्टॅट उलटा बसला, किंवा पाणी भरताना आत हवा कोंडून राहिली, तरी लक्षणे तीच दिसतात. म्हणून दुकानदाराकडे तक्रार नेण्यापूर्वी भाग काढून पुन्हा पाण्यात तपासावा. “गाडी तापते” यापेक्षा “८२ चा थर्मोस्टॅट ९४ अंशांना उघडतो” या तक्रारीला वजन असते.

काही जण या सर्वाला कंटाळून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हा उपाय नव्हे. इंजिन थंड चालते, झिजते आणि इंधन जास्त पिते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटर टाळून जाणारी वाट बंदही करतो. तेथे तो काढला, तर पाणी त्या सोप्या वाटेने रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि इंजिन उलट जास्तच तापते.

तेव्हा रीत अशी ठेवावी : भाग बसवण्यापूर्वी तपासावा. एका वेळी एकच भाग बदलावा. नवा भाग काही दिवस नीट चालेपर्यंत जुना भाग, खोके आणि पावती जपून ठेवावी. जुना भागही त्याच भांड्यात तपासावा. तो चांगला निघाला, तर दोष मुळात दुसरीकडेच आहे, हे चार पैसे खर्च होण्याआधी कळते.

वर्गात हा प्रयोग करताना गावातल्या मिस्त्रींनाही अवश्य बोलवावे. त्यांच्याकडचे दोन-तीन काढून टाकलेले आणि एक-दोन नवे थर्मोस्टॅट स्वच्छ धुऊन मुलांना द्यावेत, पण कोणता नवा आणि कोणता जुना, हे सांगू नये. प्रत्येक गटाने आपला थर्मोस्टॅट किती अंशांना उघडला आणि झडप किती उचलली, हे फळ्यावर मांडावे. कोणता गाडीत बसवण्याजोगा, हे त्या आकड्यांवरून मुलांनी ठरवावे. खोकी त्यानंतरच दाखवावीत.