जाळीदार पानांची पाणवनस्पती : जोपासना आणि जबाबदारी

घरगुती मत्स्यालय ही आता केवळ मोठ्या शहरांतील हौस राहिलेली नाही. तालुक्याच्या गावीही शाळांच्या प्रयोगशाळांत, दवाखान्यांत आणि घरांच्या बैठकीत काचेच्या टाक्या दिसू लागल्या आहेत. माशांबरोबरच टाकीत जिवंत पाणवनस्पती लावण्याकडेही लोकांचा कल वाढत आहे. हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती थोड्याशा काळजीवर वाढतात. काही वनस्पती मात्र जाणकारांचीही परीक्षा पाहतात. मादागास्कर बेटावरील ‘लेस प्लांट’ ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध वनस्पती होय. तिचे शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन मादागास्करिएन्सिस असे आहे. ती टाकीत का टिकत नाही आणि कशी टिकवता येते, हे समजून घेणे महाराष्ट्रातील वाचकांनाही उपयुक्त आहे. कारण या वनस्पतीची सख्खी भावंडे आपल्याच सड्यांवर आणि कातळांवर वाढतात.

पान की जाळी?

या वनस्पतीचे पान म्हणजे हिरव्या धाग्यांनी विणलेली जाळीच भासते. उभ्या आणि आडव्या शिरांमधील भाग रिकामा असतो. अशी पाने पाण्याच्या पृष्ठभागाखाली पसरलेली राहतात. पूर्ण वाढलेले पान अर्ध्या मीटरपर्यंत लांब होऊ शकते. पानांच्या बुडाशी, वाळूत, एक लहानसा कंद असतो आणि वनस्पतीचा सारा अन्नसाठा त्यातच असतो. मादागास्करमधील लोक हा कंद खात असत. तेथील भाषेत त्याला ‘पाण्यातील कंद’ अशा अर्थाचे नाव होते आणि त्यावरूनच युरोपीय अभ्यासकांनी या वनस्पतीला ‘ऊव्हिरांड्रा’ असे नाव दिले. १८५३ ते १८५६ या काळात मादागास्करचा तीन वेळा प्रवास करणारे इंग्रज धर्मप्रचारक विल्यम एलिस यांनी ही वनस्पती जिवंत स्वरूपात इंग्लंडमध्ये नेली. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनातही त्यांनी तिची माहिती दिली. तेव्हापासून आजतागायत बागकाम आणि मत्स्यालयाची आवड असणाऱ्यांना तिचे आकर्षण वाटत आले आहे.

पानातील छिद्रे किडीने किंवा माशांनी पाडलेली नसतात. कोवळे पान उलगडत असतानाच शिरांमधील पेशी ठरावीक क्रमाने मृत होतात. ही क्रिया मध्यभागी सुरू होते आणि शिरेपासून काही पेशींच्या अंतरावर येऊन थांबते. सजीवाने स्वतःच घडवून आणलेल्या या पेशीमृत्यूचा सखोल अभ्यास कॅनडातील डलहौसी विद्यापीठात झाला आहे. जीवशास्त्राच्या शिक्षकांना वर्गात सांगण्यासारखे हे उत्तम उदाहरण आहे.

अपयशाचे खरे कारण

नवीन कंद लावल्यावर पहिले काही महिने पाने झपाट्याने येतात. कंदात साठवलेल्या अन्नावरच ही वाढ होत असल्याने पाळणारा निर्धास्त होतो. पुढे पाने लहान निघू लागतात, जाळीत शेवाळ अडकते आणि शेवटी कंद कुजतो. काळजी कमी पडली असे समजून अनेक जण अधिक खत, अधिक प्रकाश आणि अधिक उष्णता देतात. त्यामुळे नुकसान लवकर होते.

मादागास्करच्या मूळ अधिवासात ही वनस्पती प्रामुख्याने वाहत्या ओढ्यांत आणि नद्यांत वाढते. तेथील पाणी पुष्कळ ठिकाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते. त्याखेरीज तेथे ऋतू बदलतात. बेट दक्षिण गोलार्धात असल्याने जून ते ऑगस्ट हा तेथील थंडीचा काळ असतो. घरातील टाकीत मात्र पाणी स्थिर असते, तापमान बाराही महिने जवळजवळ सारखे राहते आणि कंदाला विश्रांतीचा काळ मिळत नाही. उपेक्षेपेक्षा ही एकसारखी ऊबच या वनस्पतीला अधिक मारक ठरते.

पाणी, जागा आणि प्रकाश

महाराष्ट्रात ही वनस्पती वाढवू इच्छिणाऱ्याने प्रथम पाण्याचा विचार करावा. पठारावरील विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त असते. ते या वनस्पतीला सहसा मानवत नाही. स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी त्यात मिसळल्यास क्षारांचे प्रमाण उतरते. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरावे. दर आठवड्यास टाकीतील सुमारे पाव हिस्सा पाणी बदलणे हा शेवाळावरील सर्वांत खात्रीचा उपाय होय.

पाण्याचे तापमान २० ते २४ अंश सेल्सिअस असावे. उन्हाळ्यात विदर्भ आणि मराठवाड्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. तेथे ही वनस्पती साध्या टाकीत टिकणे अवघड आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे. टाकी उन्हापासून दूर, घरातील सर्वांत गार खोलीत ठेवावी. प्रकाश मध्यम असावा, कारण प्रखर उजेडात वनस्पतीपेक्षा शेवाळच जोमाने वाढते. पाणी गाळणाऱ्या पंपाचा मंद प्रवाह पानांवरून जाईल अशी व्यवस्था करावी.

कंद रुंद तोंडाच्या मातीच्या कुंडीत, धुतलेल्या जाड वाळूत लावावा. त्याचा कोंब वाळूच्या वर राहिला पाहिजे. तो खोल पुरल्यास कुजतो. ताजे शेणखत मुळीच घालू नये. कंद उकरणारे आणि पाने कुरतडणारे गोल्डफिशसारखे मासे या टाकीत सोडू नयेत.

विश्रांतीचा काळ

आठ-दहा महिन्यांच्या वाढीनंतर नवी पाने आखूड येऊ लागली, म्हणजे कंद विश्रांती मागत आहे असे समजावे. अशा वेळी कुंडी तशीच उचलून १५ ते १८ अंश तापमानाच्या पाण्यात, कमी उजेडात, दोन ते तीन महिने ठेवावी. कंद कोरडा पडू देऊ नये. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ यासाठी सोयीचा ठरतो. नंतर कुंडी पुन्हा टाकीत आणताच नवे कोंब फुटू लागतात. पोषक तळमाती आणि कर्बवायूचा पुरवठा यांच्या साहाय्याने काही अनुभवी लोक विश्रांतीशिवायही ही वनस्पती टिकवतात. नवशिक्याने मात्र ऋतुचक्राचा मार्ग सोडू नये.

आपल्या सड्यावरील भावंडे

विश्रांतीचे हे तत्त्व महाराष्ट्रात उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळते. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर पावसाळ्यात साचणाऱ्या उथळ पाण्यात ‘वायतुरा’ फुलतो. तो याच कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस आहे. १९८२ मध्ये त्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद झाली. त्याचा फुलोरा दोन फाट्यांचा, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो, आणि त्यावरूनच हे नाव पडले. पाऊस सरला की डबकी आटतात, पाने नाहीशी होतात आणि जमिनीतील कंद पुढील पावसाची वाट पाहत राहतो. मादागास्करच्या कंदाला थंडी विसावा देते, तर वायतुऱ्याला कोरडा काळ.

कोकणात अपोनोजेटॉन ब्रुगेनाय ही आणखी एक जाती आढळते. तिचे नाव डच अभ्यासक व्हान ब्रुगेन यांच्यावरून ठेवलेले आहे. जाळीदार पानांच्या वनस्पतीला तिचे आजचे शास्त्रीय नाव त्यांनीच दिले. दूरच्या बेटावरील वनस्पती आणि कोकणातील वनस्पती अशा रीतीने एकाच अभ्यासकाच्या नावाने जोडल्या गेल्या आहेत.

हौसेला मर्यादा

मत्स्यालयाच्या बाजारात या कुळातील कंद दीर्घकाळ निसर्गातूनच खणून आणले गेले. घरात एक कंद कुजला की दुसरा विकत घेतला जातो आणि त्याची भरपाई कुठल्या तरी ओढ्याला करावी लागते. म्हणून कंद रोपवाटिकेत वाढवलेला आहे काय, याची विक्रेत्याकडे चौकशी करावी. शाळांनी प्रारंभ सोप्या वनस्पतींपासूनच करावा. वायतुरा किंवा सड्यावरील अन्य कोणतीही वनस्पती टाकीसाठी उपटून आणू नये. या जाती मर्यादित क्षेत्रातच आढळतात. तेथून नाहीशा झाल्यास त्या अन्यत्र मिळणार नाहीत.

तसेच टाकीतील नको असलेल्या वनस्पती ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत टाकू नयेत. त्या उन्हात पूर्ण वाळवून नष्ट कराव्यात. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी शोभेची वनस्पती म्हणूनच आपल्या देशात आली आणि आज ती नद्या व तलावांचा गळा आवळून बसली आहे.

ग्रामपंचायतींचे कार्य येथे महत्त्वाचे ठरते. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. सड्यावरील पावसाळी डबकी उन्हाळ्यात ओसाड कातळ वाटतात आणि भराव, खाणकाम किंवा बांधकामासाठी सहज निवडली जातात. अशा डबक्यांतील वनस्पतींची नोंद पावसाळ्यातच, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या मदतीने करून घेतल्यास जागेविषयीचा निर्णय अधिक जाणतेपणाने घेता येईल.

काचेच्या टाकीत एक अवघड वनस्पती जगवण्यासाठी गार पाणी, मंद प्रवाह आणि विश्रांतीचे महिने यांची एवढी जुळवाजुळव करावी लागते. ज्या सड्यावर आणि ओढ्यात हे सर्व निसर्गाने आपोआप साधले आहे, ती जागा राखणे त्याहून कितीतरी सोपे आहे.